भिंगरीचे सोमवार

१० फेब्रुवारी

पोरी,

पत्र फाडायच्या आधी एवढं एकच वाक्य वाच: आपल्या दुकानात कुत्री आली आहे!

हो, आपल्याच दुकानात. केस कापायच्या जागेत केसाळ जनावर नको, असं म्हणून मी तुला मांजराचं पिल्लू आणू दिलं नव्हतं, त्याच दुकानात. आता ड्रायरच्या खुर्चीशेजारी सतरंजी टाकली आहे आणि तिच्यावर बाईसाहेब पसरलेल्या असतात. रंग तांबूस, एक कान उभा, दुसरा लोळतो. बसण्याआधी स्वतःभोवती तीनदा फिरते म्हणून नाव भिंगरी ठेवलं. नाव ठेवायचा मान माझा होता, कारण खर्च माझा आहे. बघ, मुद्द्यावर आलेच मी.

ही साधी कुत्री नाही. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी शिकवून तयार करतात, त्यातली आहे. दाराची बेल वाजली, किटली शिट्टी मारायला लागली, बाळ रडलं, की ही येऊन मांडीवर पंजा ठेवते. आपण हातांनी ‘कुठे?’ असं विचारायचं, की आवाज जिथून येतो तिथे घेऊन जाते. शहराच्या टोकाला एक केंद्र आहे, तिथे हे सगळं शिकवतात. शिकवणाऱ्यांचे पगार, खाणं, डॉक्टर, लसी धरून एका कुत्रीवर लहानशा मोटारीइतका खर्च येतो. ज्याला कुत्री मिळते त्याच्याकडून केंद्र एक पैसा घेत नाही, म्हणून कुणीतरी दुसऱ्याने तो उचलावा लागतो. भिंगरीचा मी उचलला आहे. सहा हप्ते ठरले आहेत आणि सोमवारची सगळी कमाई तिची. दुकानाच्या काचेवर पाटी लावली आहे: ‘सोमवार भिंगरीचा’. शिवाय घरात राहायची सवय लागावी म्हणून शिकून होईपर्यंत ती माझ्याकडेच राहणार आहे. केंद्रातल्या ट्रेनर बाई येऊन जाऊन बघतील.

मावशीने बाळाचं सांगितलं. ऑगस्ट म्हणाली. तिच्यावर रागावू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही हे तुला माहीतच आहे. मी ऐकलं तेव्हा एका बाईंचे केस धूत होते. त्यांच्या डोक्यावर पाणी तसंच सोडून मी दारापर्यंत जाऊन आले.

सोबत फॉर्म आहे. कुत्री कुणाला द्यायची हे पैसे देणाऱ्याला ठरवता येत नाही, मी फक्त नाव सुचवू शकते. सही तुझीच लागते. एक जूनपर्यंत ती आली नाही, तर भिंगरी यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाईल. म्हणजे तुझ्याकडे जवळजवळ चार महिने आहेत. तुला निर्णय घ्यायला चार मिनिटंही लागत नाहीत, हे मला अनुभवाने माहीत आहे.

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून पत्र. जावईबापूंना नमस्कार सांग. सांगशील का?

तुझी आई


४ मार्च

पोरी,

उत्तर नाही. ठीक आहे, पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं.

भिंगरी हुशार आहे गं! परवा पाण्याची मोटर सुरू राहिली होती, तर माझ्या चपलेवर पंजा आपटून आपटून मला मागच्या खोलीत घेऊन गेली. मला मोटर ऐकू येत होतीच, पण मी तिचा अपमान केला नाही. ‘अगंबाई, मोटर!’ असं म्हटलं आणि तिला खाऊ दिला.

सोमवारी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. ज्यांना केसच नाहीत असे लोकसुद्धा केस कापायला येतात. बँकेतल्या बाई पंधरा दिवसांत दोनदा आल्या. मी म्हटलं, अहो आता कापायचं काय? म्हणाल्या, हवेत कात्री चालवा, पण पावती भिंगरीच्या नावाने करा. माझी मदतनीस, तिला आम्ही बॉबकट म्हणतो, तू गेल्यानंतर आली ही, ती सोमवारी बक्षिशीसुद्धा डब्यात टाकते. दोन हप्ते भरून झाले!

बॉबकट विचारत होती, ताई, तुमची मुलगी कुठे असते? मी म्हटलं, कामात असते. खोटं नाही ते.

दुसरी खुर्ची दुरुस्तीला गेली आहे, त्यामुळे सध्या एकाच खुर्चीवर भागवतो आहोत. तुला ती आठवत असेल, तू तिच्यावर बसून गोल गोल फिरायचीस. बाकी सगळं उत्तम.

तुझी तब्येत कशी आहे? उभं राहून काम करू नकोस. मी तुझ्या वेळी नवव्या महिन्यापर्यंत उभी होते, त्याबद्दल गुडघे मला अजून शिव्या देतात.

फॉर्म हरवला असेल तर दुसरा जोडला आहे.

आई


२७ मार्च

पोरी,

घोटाळा झाला. माझ्यामुळे झाला. पण ऐक, मजा पण आली.

ट्रेनर बाई तपासणीला आल्या. बारीक चणीच्या आहेत, पण नजर अशी की कुत्र्याआधी माणूसच खाली बसेल. त्यांनी टेबलावर गजराचं छोटं घड्याळ लावलं आणि मला खुर्चीत बसवलं. घड्याळ वाजलं. भिंगरीने माझ्याकडे यायला हवं होतं. ती उठली, तीनदा फिरली आणि तडक शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंकडे गेली. त्या डोक्याला रंग लावून बसल्या होत्या. तिने त्यांच्या पर्समध्ये तोंड घातलं.

ट्रेनर बाईंनी विचारलं, “हे काय?”

मला लगेच कळलं. आपल्याकडे दिवसभरात पंधरा वेळा घड्याळ वाजतं. रंगाचं वेगळं, वाफेचं वेगळं. घड्याळ वाजलं की त्या त्या गिऱ्हाईक बाई खूश होतात, आता सुटलो म्हणून, आणि खूश झाल्या की भिंगरीला बिस्किट देतात. भिंगरीच्या डोक्यात पक्कं बसलं आहे की घड्याळ वाजलं म्हणजे ज्या बाईच्या डोक्याला टॉवेल, तिच्याकडे जायचं. हे दुसऱ्या कुठल्या घरात झालंच नसतं. ट्रेनर बाई वीस वर्षं हे काम करतात, म्हणाल्या, अशी चूक पहिल्यांदाच बघते आहे. मला थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू.

पण दुसरी चूक मोठी होती. त्यांनी हातांनी खूण केली, ‘बस’. भिंगरी नुसती बघत राहिली. मी तोंडाने ‘बस’ म्हटल्याबरोबर बसली.

“तुम्ही सारख्या बोलता तिच्याशी,” ट्रेनर बाई म्हणाल्या. “ती जिच्याकडे जाणार आहे, तिने तोंडाने हाक मारली नाही तर? तुमची बडबड थांबल्याशिवाय तिला हात दिसायचेच नाहीत.”

“मग करायचं काय?”

“सहा आठवडे तिच्यासमोर तोंडातून शब्द काढायचा नाही. सगळं हातांनी. जमत नसेल तर मी तिला आज घेऊन जाते. दुसरं घर बघते. हप्ते तुमचेच राहतील, कुत्री राहणार नाही.”

पोरी, ती चोवीस तास माझ्यासमोर असते! बॉबकट तिथल्या तिथे हसायला लागली. म्हणाली, ताई आणि सहा आठवडे गप्प? त्यापेक्षा कुत्रीला बोलायला शिकवणं सोपं.

मी जमेल म्हटलं. सोमवारपासून सुरू. खुणांचा एक तक्ता दिला आहे, एकोणीस खुणा. ट्रेनर बाई म्हणाल्या की कुत्र्यासाठी म्हणून वेगळ्या बनवलेल्या नाहीत, तुम्ही लोक आपसात ज्या वापरता त्यातूनच घेतल्या आहेत.

म्हणजे तुला सगळ्या येत असतील.

आई


२० एप्रिल

पोरी,

तीन आठवडे झाले. मी गप्प आहे! फोन घ्यायला बाथरूममध्ये जाते, कडी लावून कुजबुजते. भाजीवाल्याला वाटतं माझा घसा बसला आहे, तो रोज आलं जास्त घालतो. दुकानात तर नाटकाला यावी तशी गर्दी. ‘केस धुवायला चला’ हे हातांनी सांगितलं की बायका टाळ्या वाजवतात. एकीला ‘मान खाली’ सांगताना माझ्या हातून ‘खाली बस’ झालं, तर त्या बाई आणि भिंगरी दोघी खाली बसल्या.

आणि भिंगरी! नवव्या दिवशी तिला हात कळायला लागले. दहाव्या दिवशी घड्याळ वाजलं, तिने टॉवेलवाल्या बाईंकडे बघितलं, त्यांच्या हातातल्या बिस्किटाकडे बघितलं, आणि वळून माझ्याकडे आली. पंजा ठेवला. मी ‘कुठे?’ केलं, ती घड्याळापर्यंत घेऊन गेली. मला ओरडावंसं वाटलं. मी दोन्ही हात वर करून नाचले, बॉबकट नाचली, डोक्याला रंग लावलेल्या बाई नाचल्या, भिंतीवर रंगाचे डाग पडले आहेत, ते पुसणार नाही मी.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते.

मागच्या गुरुवारी एक नवीन बाई आल्या. मी हातांनी ‘बसा’ म्हटलं. त्यांना वाटलं मला ऐकू येत नाही. त्या माझ्या पाठीमागे उभ्या असलेल्या बॉबकटला म्हणाल्या, “बिचारी. हिच्या हातात कात्री देतात?” मी आरशासमोर होते. मला त्यांचे ओठ दिसत होते. माझ्या दुकानात, माझ्या आरशात, माझ्याबद्दल. आणि मी भिंगरीमुळे बोलू शकत नव्हते.

तुम्ही दोघं लग्न ठरवून सांगायला दुकानात आलात त्या दिवशी मी तुमच्याकडे पाठ केली आणि मावशीला म्हटलं, “दोघंही बहिरे. उद्या मूल रडलं तर ऐकणार कोण? भिंती?” तोंड फिरवलं की तुला कळणार नाही, असा माझा हिशोब होता. तीस वर्षं आरशासमोर उभी राहून धंदा करते आणि समोर आरसा आहे हे विसरले. तू जावयांचा हात धरून निघून गेलीस तेव्हासुद्धा मला कळलं नव्हतं, मावशीने सांगितलं, अगं, तिने आरशात वाचलं.

तीन वर्षं मी स्वतःला सांगत होते की तुझा गैरसमज झाला. गैरसमज झाला नव्हता. मी बोलले तेच तू वाचलंस.

हे फॉर्मसाठी लिहिलेलं नाही. पण फॉर्म आहे.

आई


२३ मे

पोरी,

तुझं कार्ड आलं. तीन वर्षांनी तुझं अक्षर! पोस्टमनसमोरच मी मोठ्याने ओरडले. सहा आठवडे दहा-बारा दिवसांपूर्वीच संपले आहेत, त्यामुळे चालतं.

मग वाचलं. इथे पुन्हा लिहून काढते, कारण मला ते पाठ झालं आहे: ‘बाळ रडलं की आमच्याकडे दिवा लागतो आणि उशी थरथरते. ते यंत्र आम्ही केव्हाच आणलं आहे. आम्हाला कुत्री नको. तू अजून तेच वाक्य बोलते आहेस, आई, फक्त आता त्याला शेपूट आहे.’

पहिल्यांदा रागच आला. इतका, की चार पानं लिहिली. सोमवार किती, हप्ते किती, गुडघे किती, सगळं काढलं. मग दुकान उघडायची वेळ झाली म्हणून उठले, आणि केस विंचरता विंचरता मला हसू फुटलं. शेपूट! अगदी बरोबर पकडलंस. मी भिंगरीला तुमच्यासाठी आणलं नव्हतं, माझ्या त्या वाक्यासाठी आणलं होतं. माझं बरोबर होतं हेही राहावं आणि मी चांगलीही ठरावं, अशी माझी सोय होती. ती चार पानं फाडली. तुमच्याकडे काय आहे, काय नाही, हे मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही. उशी थरथरते म्हणजे नक्की काय होतं, हे मला खरंच कळून घ्यायचं आहे.

ट्रेनर बाईंना फोन केला. म्हटलं, सही येणार नाही. त्या म्हणाल्या, नियमाप्रमाणे तुम्हाला उरलेले हप्ते थांबवता येतील, पुष्कळ जण थांबवतात. मग भिंगरीचं काय? म्हणाल्या, दुसरा कुणी दाता मिळेपर्यंत थांबेल. यादीत पुढे कोण आहे? नाव सांगता येत नाही, पण एकटे राहतात, वय झालं आहे, चार वर्षं वाट बघत आहेत.

चार वर्षं!

भिंगरी पायाशी बसून माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघत होती. एका हातात फोन होता, दुसऱ्याने मी तिला ‘शाब्बास’ केलं, कारण दुसरं काही सुचलं नाही. आणि फोनवर सांगितलं की हप्ते चालू राहतील.

तुला आता फॉर्म पाठवत नाही. एक खरं सांगते, ते मावशीलाही माहीत नाही. तुझे कान गेले तेव्हा डॉक्टरांनी मला खुणांच्या वर्गाचा पत्ता दिला होता. आठवड्यातून दोन संध्याकाळी. मी दुकानाचं कारण सांगितलं. दुकान नव्हतं कारण. मला वाटायचं मी हात हलवायला लागले तर तू तोंडाने बोलणं सोडशील. आणि तू तोंडाने मोठ्याने बोललीस की गिऱ्हाइकांसमोर मी ओठांवर बोट ठेवायचे. मग तू बोलणं सोडलंसच. एकोणीस वर्षांची होतीस.

भिंगरीला जे नऊ दिवसांत आलं ते मला नऊ वर्षांत आलं नाही. कारण तिच्यासाठी मी गप्प बसले, तुझ्यासाठी बसले नाही.

आई


१६ जुलै

पोरी,

भिंगरी पास झाली!

आठ आवाज, आठही बरोबर. बेल, किटली, घड्याळ, हाक, सगळं. एका माणसाने मुद्दाम बिस्किटाचा पुडा खुळखुळवला, तिने ढुंकूनही पाहिलं नाही. आगीची घंटा वाजली की पंजा न लावता समोर सपाट पडायचं असतं, ती अशी पडली की परीक्षकांनी लिहायचं थांबवून ट्रेनर बाईंकडे बघितलं. मी बाकावर उभी राहिले होते, मला खाली उतरवलं.

काल तिला द्यायचा दिवस होता. तिथली पद्धत अशी की ज्याने सांभाळलं त्याने कुत्रीसमोर यायचं नाही, नाहीतर ती त्याच्याकडे धाव घेते आणि तिची पहिलीच गाठ चुकीची बसते. चार महिने भेटायचं नाही, वाससुद्धा द्यायचा नाही. मला एका खोलीत बसवलं. मधे मोठी काच, तिला मी दिसत नाही, मला सगळं दिसतं. मी घरून निघतानाच ठरवलं होतं की रडायचं नाही. ते काही जमलं नाही, पण पुढचं ऐक.

आले ते सत्तरीचे गृहस्थ. छापखान्यात होते, यंत्रांच्या आवाजाने कान गेले. इस्त्रीचा शर्ट, वरपर्यंत बटणं लावलेली, आणि मुलगी बघायला यावं तसे खुर्चीच्या कडेला बसलेले. भिंगरी आत आली. तीनदा फिरली. त्यांनी हात खाली करून ‘ये’ केलं, इतकं हळू, इतकं नीट, की मी केलेलं सगळं मला धसमुसळं वाटलं. ती गेली. त्यांच्या मांडीवर हनुवटी ठेवली. आणि पोरी, तो माणूस हसला ना, तर मी काचेवर दोन्ही हात आपटले. ट्रेनर बाई मला रागावल्या.

भिंगरीला फिरायला नेल्यावर त्यांना माझ्या खोलीत आणलं. ते हातांनी भराभर बोलायला लागले. मला दहातलं एक कळलं. मी माझ्या एकोणीस खुणांमधून शोधून काढून ‘थांब’ केलं, मग ‘पुन्हा’ केलं. सगळ्या कुत्रीच्याच खुणा, दुसरं येतं काय मला. त्यांना राग आला नाही. सावकाश, एकेक करून सांगितलं, आणि मला अडेल ते ट्रेनर बाई सांगत गेल्या. त्यांची बायको होती तोवर घराचे कान तीच होती. आता लेक दर रविवारी येते, बेल वाजवते, आणि ती बेल चुकू नये म्हणून ते सकाळपासून खिडकीत बसून राहतात. रविवारी ते जेवण करत नाहीत, कारण स्वयंपाकघरातून रस्ता दिसत नाही. मग त्यांनी शेवटची खूण केली ती मला कळली नाही. ट्रेनर बाईंनी सांगितली: या रविवारी लेकीला गरम जेवायला घालणार.

सहावा हप्ता भरला. तिचं पुढचं खाणं आणि डॉक्टर मी चालू ठेवणार आहे, ती आहे तोवर. त्यांना पेन्शन आहे, पण कुत्रीचे दातसुद्धा साफ करावे लागतात, ते पेन्शनीत बसत नाही. सोमवारची पाटी काढलेली नाही. गिऱ्हाइकांनी काढू दिली नसती.

दुसरी खुर्ची दुरुस्तीला गेलेली नव्हती. विकली. चौथ्या हप्त्यासाठी पाण्याची मोटरही. तुझ्यापासून लपवलं, कारण कळलं असतं तर तुला वाटलं असतं मी तुझ्यावर उपकारांचं ओझं टाकते आहे, आणि तेव्हा मी तेच करत होते. आता भिंगरी दुसऱ्याच्या घरी गेली, म्हणून सांगायला हरकत नाही.

सतरंजी अजून उचललेली नाही. घड्याळ वाजलं की आम्ही सगळ्या तिकडे बघतो.

मी खुणांच्या वर्गात नाव घातलं आहे. मंगळवार आणि शुक्रवार. वर्गात सगळ्यात म्हातारी मीच, आणि शिकवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की तुमचे हात ओरडतात, जरा हळू. मला कुणी तरी असं सांगायलाच हवं होतं.

या पत्रात मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. बघ, पुन्हा वाचून बघ. फक्त जपून राहा, आणि बाळ झालं की मावशीला कळव. ती मला सांगेलच.

तुझी आई


३ सप्टेंबर

आई,

मावशीला मीच सांगू नकोस म्हटलं होतं. तिने बारा दिवस तोंड बंद ठेवलं, हे तिच्यासाठी सहा आठवड्यांच्या वर आहे. आता मी सांगते. मुलगी झाली. बारा दिवसांची आहे. केस इतके आहेत की नर्सनी पहिल्या तासात शेंडी घातली.

तुझी सगळी पत्रं वाचली. पहिली दोन फाडली होती, ती यांनी चिकटवून ठेवली. खुर्चीचं वाचून मला राग आला, मग आठवलं की माझा राग आणि तुझा राग एकाच दुकानातले आहेत. ते छापखानेवाले काका यांना ओळखतात. आमच्या मंडळात येतात. परवा त्यांनी कुत्री दाखवायला आणली होती आणि आम्हाला हातांनी अर्धा तास तुझी नक्कल करून दाखवली, कुत्रीच्या खुणांनी ‘थांब’, ‘पुन्हा’ करणारी बाई. ती माझी आई आहे, हे त्यांना मी सांगितलं. हे मी तीन वर्षांत कुणाला सांगितलेलं नव्हतं.

दवाखान्यात चौथ्या दिवशी तिच्या कानांची तपासणी झाली. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो होतो. ऐकू आलं नसतं तरी चाललं असतं, हे तुला पटायचं नाही, पण खरंच चाललं असतं. तिला ऐकू येतं. दोन्ही कानांनी, उत्तम.

यंत्र चांगलं चालतं. ती रडली की दिवा लागतो आणि आम्ही दोघं एकदम उठतो, एकमेकांवर आपटतो. त्यात काही कमी नाही. हात ती आमच्याकडून शिकेल. पण तिच्यासाठी घरात कुणी बोलत नाही. मी परवा बोलून पाहिलं. नऊ वर्षांनी. कसा आवाज आला मला माहीत नाही. तिने मान वळवली आणि माझ्याकडे बघत राहिली, म्हणून अजून थोडं बोलले, पण मला शब्द पुरले नाहीत, सवय गेली आहे. तुला ते कधी पुरले नाहीत असं झालं नाही.

म्हणून विचारते. तू ये. मदतीला नको, मदतीला माणसं आहेत. तिच्याशी बोलायला ये. भाजीवाल्याचं बोल, बॉबकटचं बोल, काहीही बोल, दिवसभर बोल. आमच्याशी हातांनी बोल, ओरडले तरी चालतील. दाराशी बेल नाही, बटण आहे, ते दाबलं की आत दिवा लागतो.

मला तुझा आवाज अजून आठवतो, आई. कान गेले त्या आठवड्यातला, औषध वेळेवर घेतलं नाही म्हणून माझ्यावर रागावलेला. त्याच्या आधीचाही एक होता, झोपवतानाचा, तो मला किती आठवायचा म्हटलं तरी आठवत नाही. तो तिला ऐकव. मी समोर बसून बघेन.

रविवारी ये.

तुझी मुलगी